प्लासीच्या लढाईत सेनापतीच इंग्रजांना फितूर झाल्यावर बंगालचा नवाब सिराजउद्दौला याच्याशी इमान राखून कोण लढलं?

मीर मदन आणि मोहनलाल. शाळेत आपण फितूर सेनापती मीर जाफर पाठ करतो आणि या दोघांची नावंही शिकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२३ जून १७५७ ला मीर जाफर, राय दुर्लभ, यार लतीफ हे नवाबाचे सरदार फौजा घेऊन नुसते उभे राहिले. दुपारी पाऊस आला, नवाबाच्या तोफांची दारू भिजली. इंग्रजांनी आपली झाकून ठेवली होती. त्यांच्याही तोफा थंडावल्या असतील असं समजून मीर मदनने चाल केली आणि तोफगोळ्याने तो कोसळला. मोहनलाल तरीही झुंजत होता; मीर जाफरच्या सल्ल्यावरून खुद्द सिराजउद्दौलानेच त्याला माघारी बोलावलं. तळ्याजवळचे नवाबाच्या बाजूचे मूठभर फ्रेंच गोलंदाजसुद्धा शेवटपर्यंत लढले.