रात्रपाळी कुणाची?

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. आठ पानांचं आहे, थोडक्यात देते.

“मी 54 वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. रविवारी संडे स्कूलही घेते. मुलगा 29 चा. पुण्यात नोकरीला होता, ती सुटली. तीन वर्षांपासून घरी आहे आणि पितो. आधी शनिवार-रविवार, आता रोज. रात्री बाराला येतो, कधी दोनला. तो येईपर्यंत मी ओट्यावर बसून असते. तो झोपला की तीनला उठून प्रार्थनेला बसते, कारण प्रभू येशूने ‘जागृत राहा आणि प्रार्थना करा’ म्हटलं आहे. त्याचा मोबाइल बघते, खिसे बघते, गाडीचा काटा बघते. (ढाब्यावरची उधारी मी परस्पर भागवते, यांना माहीत नाही.) चर्चच्या स्त्री मंडळात तीन वर्षं प्रार्थनेची विनंती मांडतेय. परवा एक भगिनी म्हणाल्या, तुमच्या मनात संशय असेल म्हणून उत्तर अडलंय. तेव्हापासून उरलीसुरली झोपही गेली. शुगर 240 निघाली. हे म्हणतात, सोड त्याचा नाद. मी अजून किती दिवस वाट पाहू? आणि जागणं थांबवलं तर तो माझा अविश्वास ठरेल का?”

प्रिय ताई,

नाही ठरणार. आज रात्री झोपा. बाकीचं पत्र उद्या वाचलंत तरी चालेल.

त्या भगिनींचं आधी उरकून टाकते. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर सगळं छान होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडून त्यालाच दोष दिल्यावर. आणि संशयाचंच म्हणाल, तर मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवा. मुलाला लहानपणापासून झटके येताहेत, शिष्यांच्या हातून काही झालेलं नाही, आणि हा प्रभूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही! प्रभूने त्याला ‘आधी संशय मिटव, मग ये’ असं सांगितलं नाही. मुलाला बरं केलं. पुढच्या वेळी त्या भगिनी काही बोलल्या, तर हा अध्याय त्यांनाच वाचायला द्या.

आता तुमच्या जागण्याविषयी.

मी एकतीस वर्षं एका मिशन दवाखान्यात नर्स होते, त्यामुळे रात्र मला बरीच ओळखीची आहे. नवीन होते तेव्हा आमच्या वॉर्डात टायफॉइडचा एक दहा वर्षांचा मुलगा होता. माझा जीव त्याच्यात अडकला. सकाळी चार्ज दिला तरी मी घरी जाईना. दिवसभर त्याच्या खाटेपाशी, रात्री पुन्हा ड्यूटी. तिसऱ्या रात्री मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं इंजेक्शन त्याच्यासाठी भरलं. मोठ्या सिस्टरनी माझं मनगट वरच्या वर धरलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तू नसलीस तर हा वॉर्ड बंद पडेल असं तुला वाटतंय. म्हणून तुला दोन दिवस सुट्टी.” मला तेव्हा फार राग आला होता. मुलगा बरा होऊन घरी गेला, आणि तो गेला त्या दिवशी मी सुट्टीवर होते.

तुम्ही शास्त्र शिकवता, म्हणून तुमच्याच पुस्तकातून विचारते. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांकडे किती वेळ मागितला होता? घटकाभर. तुम्ही ज्या वचनावर तीन वर्षं जागताय, ते वचन त्या घटकाभराबद्दलच्या बोलण्याला लागूनच आलंय, आणि त्याच वचनात देह अशक्त आहे हेही त्यानेच म्हटलंय. मार्काच्या तेराव्या अध्यायात घरधनी केव्हा येईल ते सांगताना तो रात्रीचे चार प्रहर मोजतो: संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, सकाळ. रोमी शिपायांचे पहारे असेच चार होते आणि ते आळीपाळीने चालत. चारही प्रहर एकटीने उभं राहायचं हे तुम्ही कुठे वाचलंत?

आणि दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिका. हा दाखला तुम्ही मुलांना शहाण्या-मूर्ख अशा दोन रांगा करून शिकवत असाल, आम्हालाही तसाच शिकवला. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली पाचवी ओवी पुन्हा वाचा. वराला उशीर झाला तेव्हा *सगळ्यांना* डुलक्या आल्या आणि सगळ्याच झोपल्या. शहाण्या पाचही झोपल्या! प्रभू त्यांना त्याबद्दल एक शब्द बोललेला नाही. फरक पडला तो तेलाने. हाक आली तेव्हा ज्यांच्या भांड्यात तेल होतं त्यांनी दिवे नीट केले आणि निघाल्या.

तुमचं तेल संपलंय, ताई. दिवा तेवढा हातात धरून बसला आहात. 240 शुगर हे त्याचंच लक्षण समजा. उद्या तुमचा मुलगा पहाटे उठून म्हणाला की आई, मला दवाखान्यात घेऊन चल, तर त्याच्याबरोबर एसटीत बसायची ताकद तरी तुमच्यात आहे का?

मोबाइल, खिसे आणि गाडीच्या काट्याला मी जागृती म्हणणार नाही. ती पाळत आहे. रागावू नका, मी आई असते तर मीही खिसे बघितले असते. पण मला सांगा, काटा बघून चाळीस किलोमीटर झालेले दिसले की पुढे तुम्ही काय करता? रडता. आणि दुसऱ्या दिवशी परत बघता. जी गोष्ट कळूनही आपण काहीच वेगळं करत नाही, ती कशाला शोधायची? शास्त्रात जागं राहायला सांगितलंय ते बहुतेक ठिकाणी आपल्याच मनाच्या दारात. कडवटपणा आत शिरतोय का, खोटं शिरतंय का, भीतीला आपण विश्वास म्हणतोय का.

खोटं म्हटलं, कारण तुमच्या आठ पानांत मला सर्वांत महत्त्वाची ओळ कंसात सापडली. उधारीची.

तुम्ही समोरच्या दारावर रात्रभर पहारा देता आणि मागच्या दाराने बाटलीचे पैसे तुम्हीच पाठवता. का, तेही मला कळतं. गाव लहान, चर्चची मंडळी त्याहून लहान. ढाबेवाला चारचौघांत बोलला तर संडे स्कूलच्या बाईंचा मुलगा म्हणून नाव निघेल. पण उधळ्या पुत्राच्या गोष्टीत लूक दोन गोष्टी एकापाठोपाठ लिहितो. दूर देशी दुष्काळ पडला तेव्हा त्या पोराला कोणी काही दिलं नाही. आणि लगेच पुढच्या ओवीत तो शुद्धीवर आला. आईने तिकडे दर महिन्याला गुपचूप मनीऑर्डर धाडली असती, तर तो अजून डुकरंच राखत बसला असता. बापही त्याच्या मागोमाग जाऊन तो कुणाबरोबर बसतो ते बघत नव्हता. तो घरी होता. पण रस्त्यावर नजर अशी, की पोरगा दूर आहे तोच त्याला दिसला. मला हा बाप रात्री झोपत असणार असं नेहमी वाटतं.

त्याला जेवण बंद करा किंवा घराबाहेर काढा असं मी म्हणत नाही. जेवण द्या, अंथरूण द्या. उधारी देऊ नका. त्याआधी आज-उद्याच नवऱ्याला खरं सांगा. ‘सोड नाद’ म्हणणारा माणूस पुष्कळदा आपणच थकलेला असतो आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. तीन वर्षं तुम्ही दोघं एकाच घरात वेगवेगळा पहारा देताय.

तुम्ही विचारलंत, किती दिवस. एक बाई सांगते. आपल्या मंडळीत संतांची नावं फारशी घेत नाहीत, पण ही कॅथलिक-प्रॉटेस्टंट मंडळ्या वेगळ्या होण्याच्या अकराशे वर्षं आधीची, तेव्हा ती सगळ्यांचीच. मोनिका, उत्तर आफ्रिकेतली, आजच्या अल्जीरियातली. तिचा मुलगा ऑगस्टीन, जन्म 354. बुद्धीचा तल्लख, पण आईचा विश्वास सोडून मानी नावाच्या धर्मगुरूच्या पंथात गेलेला. ती वर्षानुवर्षं रडली. एका बिशपांकडे गेली की माझ्या मुलाला चार शब्द सांगा. ते नाही म्हणाले. तो आत्ता ऐकणार नाही, त्याला असू दे, तू फक्त प्रार्थना कर, म्हणाले. ती पुन्हा रडत मागे लागली तेव्हा ते वैतागून म्हणाले, जा आता, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. लोक हे वाक्य प्रवचनात फार गोड करून सांगतात. वैताग गाळतात.

पण मला तुम्हाला सांगायची आहे ती पुढची रात्र. ऑगस्टीनला कार्थेजहून रोमला जायचं होतं आणि मोनिका त्याला सोडेना. त्याने थाप मारली की मित्राला निरोप द्यायचाय, वारा सुटेपर्यंत थांबतोय. ती बंदराजवळच्या एका प्रार्थनास्थळी रात्रभर जागत राहिली. देवा, त्याला जाऊ देऊ नकोस. सकाळी पाहते तर जहाज निघून गेलेलं. तुमच्या ओट्यावरची रात्र आणि ही रात्र, फार फरक नाही. नंतर ऑगस्टीनने स्वतःच लिहून ठेवलं, की देवाने तिचं त्या रात्रीचं मागणं नाकारलं ते तिचं कायमचं मागणं पुरं करण्यासाठी. रोमहून तो मिलानला गेला, तिथे बिशप अँब्रोज भेटले, आणि 387 च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. तोवर आईची सोळा-सतरा वर्षं गेली होती. त्याच वर्षी ती वारली.

अजून एक, हे कमी लोकांना माहीत असतं. लहानपणी मोनिकेला पिंपातून द्राक्षारस काढायला पाठवत. ती आधी थेंबभर चाखायची, मग हळूहळू पेलेच्या पेले. एकदा भांडणात घरातल्या दासीने तिला तोंडावर ‘दारुडी’ म्हटलं. ती शरमली आणि तिची सवय सुटली. तिला कुणी झाकून घेतलं नाही म्हणून सुटली, असं मला वाटतं. अर्थात ते पोरवय होतं. तुमच्या मुलाची गोष्ट नुसत्या शरमेने सुटण्याच्या पुढे गेलीय, त्यामुळे टोमणे मारायला सुरुवात करू नका.

सोळा-सतरा ऐकून घाबरू नका आणि त्याला हिशेबही समजू नका. वॉर्डात मी अशाही आया पाहिल्या ज्यांच्या मुलाचं लिव्हर प्रार्थनेची वाट पाहत थांबलं नाही. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची माझी हिंमत नाही. कुणालाच नसावी. भरवसा देवावर ठेवायचा असतो. अमुक तारखेला अमुक होईल यावर ठेवला, की मग आपण रोज त्याचीच हजेरी घेत बसतो.

आणि लिव्हरचं नाव निघालंच आहे तर नर्स म्हणून सांगते. रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जातो. म्हणून वेदीपुढे शपथ घालून, उपास करवून ‘आजपासून बंद’ असलं काही करू नका, कितीही मोठे धर्मसेवक आले तरी. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायची. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे घरच्यांशीही बोलतात. तो तयार नसेल तरी तुम्ही आणि तुमचे मिस्टर जा. दारुड्यांच्या नातेवाइकांचे अल-अनॉनचे गटही असतात, जवळपास कुठे आहे का बघा. तिथे तुम्हाला पहिल्यांदाच असं माणूस भेटेल ज्याला काटा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. रात्री फारच घालमेल झाली तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. तिथे फोन करणं म्हणजे प्रार्थना कमी पडली असं नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं.

प्रार्थना सोडू नका. फक्त तीन वाजता नको. संध्याकाळी दिवेलागणीला दोघं मिळून घटकाभर बसा, त्याचं नाव घ्या, आणि मग चार्ज द्या. स्तोत्र 121 म्हणतं तसं इस्राएलाचा रक्षक डुलकीही घेत नाही. म्हणजे रात्रपाळीवर कुणीतरी आधीच आहे. तुम्ही दाराची कडी नुसती लोटून ठेवा, जेवण झाकून ठेवा, ओट्यावरचा दिवा चालू ठेवा आणि आत जाऊन पडा. पहिल्या दोन-चार रात्री डोळा लागणार नाही. तरी पडून राहा.

ती 240 उपाशीपोटीची होती की जेवणानंतरची, ते लिहिलं नाहीत. उपाशीपोटीची असेल तर ह्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, पुढच्या नाही. आणि काय म्हणाले ते मला कळवा.

तुमची,
मावशी