गीर गाय १४ लिटरची म्हणून घेतली, मुळशीत घरी आणल्यावर ६ लिटरच देते. खुराक दीडपट करू का?

पेंड वाढवू नका. आधी पाण्याचा हौद बघा.

१४ लिटरची गाय मुळशीत आणल्यावर ६ वर आली म्हणता, आणि लगेच खुराकावर येता. अगदी हाच सल्ला मला आमच्या दाजींनी दिला होता, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

आमचा गोठा लोणी काळभोरच्या पुढं. दुसऱ्या वेताची, म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेली गीर, ९ लिटरला गेलेली, एप्रिलात ६ वर आली. दाजी म्हणाले, "सरकीची पेंड वाढव. घालशील तेवढं काढशील." उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या गीर गाई त्यांनी लहानपणी बघितलेल्या. गाईंची जात सुधारणारी मणिभाईंची बाएफ संस्था १९६७ला तिथंच सुरू झाली, त्यामुळं गीरमधलं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. वाढवली दोन किलो. तीन आठवडे दूध तिथंच, शेण मात्र पातळ.

मग गडी यात्रेला गेला आणि चार दिवस गोठ्याचं सगळं माझ्या गळ्यात. अकराला गाय पाण्यावर सोडली, तर हौद हुंगला, दोन घोट घेतले आणि मान वर. हात घालून बघितलं तर पाणी कोमट, कडेला बोटभर शेवाळ. वाळला कडबा खाणारं जनावर, उन्हाळा, आणि पाणी दिवसातून दोनदा, तेही असलं! दुधात शंभरातले ८७ भाग पाणीच असतं, ते येणार कुठून? लिटरभर दुधामागं चार-पाच लिटर पाणी पोटात जावं लागतं. हौद घासून चुना मारला, पिंप कापून दावणीलाच ठेवलं, वाटेल तेव्हा पिऊ दे. पेंड परत पहिल्याइतकी केली. आठवड्यात पावणेआठ लिटर. दाजी अजून लग्नकार्यात सांगतात, "माझी पेंड अंगी लागली." अहो, कमी केल्यावर?

आता तुमचे १४ लिटर. विकणारा आदली धार चुकवून कास तुंबवतो आणि गिऱ्हाईकासमोर काढून दाखवतो. लागोपाठ तीन धारा समोर उभं राहून मोजल्यात का? नसतील तर तो आकडा विसरा. शिवाय गाय व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांनी सगळ्यात जास्त दूध देते, पुढं उतरतच जातं. तुमची कितव्या वेताची, व्यायला किती दिवस झाले, काहीच लिहिलेलं नाही. वासरू सोबत आणलंय ना? आपली देशी गाय वासरू लावल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही, नवा माणूस धारेला बसला तरी दूध चोरते. 'वासरू पैसा पितं' हेही दाजींचंच. पान्ह्यासाठी इंजेक्शनच्या नादी तर अजिबात लागू नका.

आणि हो, सड गरम लागत असेल किंवा दुधात गाठी येत असतील तर माझं पाणीपुराण बाजूला ठेवा, आजच डॉक्टर बोलवा. पेंड नकोच असंही नाही. अडीच-तीन लिटरमागं किलोभर खुराक लागतोच, हिरवा चाराही हवा. दाजींना एवढंच म्हणायचं होतं तर तसं म्हणायचं होतं.