बाळाचं तोंड आलंय म्हणून अंगावरचं तोडू नका

आषाढ लागला की कपडे वाळेनासे होतात आणि ओपीडीत ‘बाळाचं तोंड आलंय’ हे रोज कानावर पडतं. या वेळी आलेली बहुतेक पत्रंही त्याचीच आहेत. काही पत्रांत बाळाच्या वरच्या खाण्याचा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

मुलगी पाच महिन्यांची आहे. टॉन्सिलसाठी मला पाच दिवस अँटिबायोटिक होतं. त्यानंतर आठवड्याभरात तिच्या गालांच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग दिसू लागले. मला पाजताना, आणि पाजून झाल्यावरही बराच वेळ, मिरची लागल्यासारखी आग होते. सासूबाई म्हणतात, दूध बाधलंय, अंगावरचं तोड. काय करू? – कोरेगाव

तोडू नका. तुमचं दूध नासलेलंही नाही आणि बाधलेलंही नाही. ही कँडिडा नावाची बुरशी आहे, डॉक्टर तिला थ्रश म्हणतात. ती आपल्या सगळ्यांच्याच तोंडात, आतड्यात, कातडीवर थोडीफार असते आणि एरवी तिथलेच चांगले जिवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकने घशातल्या जंतूंबरोबर हे राखणदारही गेले आणि तिला रान मोकळं मिळालं. बाळाचं तोंड ओलं नि उबदार, त्यात तुमच्या स्तनाग्राला एखादी बारीक चीर. मग बाळाकडून आईकडे आणि आईकडून पुन्हा बाळाकडे अशी तिची येरझार सुरू होते.

आधी खात्री करून घ्या. सकाळच्या उजेडात बाळाला खिडकीशी घेऊन बसा. हात धुवा, उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ सुती कापड भिजवा, बोटाला गुंडाळा आणि जिभेवरून हलकेच फिरवा. नुसती जीभच पांढरी असेल आणि ती साय पुसली जात असेल, तर ते दूध आहे. गालांच्या आत, हिरड्यांवर, ओठांच्या आतल्या बाजूला डाग असतील आणि ते पुसले जात नसतील, तर थ्रश. तिथेच हात थांबवा. खरवडलंत तर खालची लाल कातडी सोलवटते, रक्त येतं, आणि बाळ तोंड उघडायलाच घाबरतं.

औषध दोघींना एकाच वेळी हवं, एकीलाच त्रास दिसत असला तरी. बाळासाठी निस्टॅटिनचे थेंब किंवा क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट, तुमच्यासाठी मायकोनॅझोल किंवा क्लोट्रिमॅझोलचं मलम. नेमकं कोणतं आणि किती, हे डॉक्टरांनी बाळाला पाहूनच ठरवायचं. औषध पाजण्याआधी लावलंत तर ते दुधाबरोबर पोटात जातं, म्हणून पाजून झाल्यावर लावा. बाळाला जेल दिलं असेल तर एकदम घशाकडे ढकलू नका, अडकून श्वास कोंडू शकतो. बोटावर थोडं थोडं घेऊन गालांच्या आत लावा. तुमचं मलमही पातळच लावा. पुढच्या वेळी वर दिसत असेल तेवढं ओल्या कापडाने टिपा, साबण लावू नका.

दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन पाजत्या आईला चालतं. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा. अगदीच सहन होत नसेल तर एक-दोन वेळा हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजा. पण एकदम थांबलात तर छाती दाटते, गाठी होतात, ताप येतो, म्हणजे एक दुखणं जायच्या आधी दुसरं पदरात. सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्यांचा जीव नातीसाठीच तुटतोय.

औषध घातलं की चार दिवसांत तोंड स्वच्छ होतं, पंधरा दिवसांत पुन्हा येतं. ही तिसरी खेप. – वाई

डाग गेले की औषध बंद होतं, हे याचं सगळ्यात मोठं कारण. डाग दिसेनासे झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. दुसरं कारण तोंडात जाणाऱ्या वस्तू. बोंडलं, चोखणी, दात शिवशिवतात म्हणून दिलेली रबरी खेळणी, हे सगळं रोज वीस मिनिटं उकळा.

तिसरं कारण वाईचा पाऊस. घरात दोरीवर वाळवलेल्या ब्रेसियरला कुबट वास येत असेल तर ती वाळलेलीच नाही. सुती वापरा, कढत पाण्यात धुवा आणि इस्त्री अशी फिरवा की वाफ निघायची थांबेल. दुधाने भिजलेलं पॅड लगेच बदला. बाळाच्या जांघेत लाल चट्टे आणि त्यांच्या कडेला सुटे लाल ठिपके असतील, तर तिथेही हीच बुरशी आहे. तुम्हाला अंगावरून पांढरं जात असेल, खाज असेल, तर त्याचा इलाज याच वेळी घ्या. एकदा रक्तातली साखरही तपासून घ्या.

आमच्या वेळी टाकणखाराची लाही मधातून तोंडाला लावायचो, दोन दिवसांत उतार पडायचा. आता सून हात लावू देत नाही. – एक आजी, कराड

आजी, सुनेचं ऐका. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो तान्ह्या बाळाच्या अंगात साचतो. मध-बोरॅक्स लावलेली चोखणी दिलेल्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी १९७०-८०च्या दशकांत झाल्या आहेत. बोरोग्लिसरीनही त्याच कारणासाठी नको. आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांना ती पचतात, पण बाळाच्या आतड्यात रुजतात. मग बाळाला शी होत नाही, मान ढिली पडते, दूध ओढायचा जोर जातो. तुमच्या हाताची खरी गरज दुसरीकडे आहे. बाळाला मांडीवर घेऊन त्याचं डोकं स्थिर धरा, म्हणजे सुनेला औषध नीट लावता येईल.

बाळाचं तोंड स्वच्छ आहे, पण मला पहिल्या दिवसापासून पाजताना जीव जातो. थ्रशचं मलम दोन आठवडे लावलं, फरक नाही. – मिरज

मग ही बुरशी नसावी. दुखणं पहिल्या दिवसापासून असेल आणि पाजून झाल्यावर स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं दिसत असेल, तर बाळाची पकड चुकते आहे. नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. गार हवेत ते पांढरंफटक पडून मग ठणकत असेल, तर रक्तवाहिन्या आखडत आहेत, त्याला ऊब हवी. जिथे बाळंतपण झालं तिथल्या नर्सताईंसमोर एकदा पाजून दाखवा. ट्यूब बदलण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

मी एमआयडीसीत कामाला जाते, दूध काढून फ्रीझरमध्ये ठेवते. थ्रश असताना काढलेलं चालेल? – सातारा

उपचार चालू आहेत तोवर खुशाल द्या. नंतरसाठी साठवू नका, गोठवल्याने ही बुरशी मरत नाही.

मुलीला गेल्या आठवड्यात सहा महिने पूर्ण झाले. तोंडात अजून दोन-तीन डाग आहेत. रविवारी उष्टावण आहे, मामा येणार. पुढे ढकलू का? आणि बेदाण्याचं पाणी, शेंगदाणे कधी द्यायचे? – तासगाव

ढकलू नका. सहा पूर्ण म्हणजे सातवा लागला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, तेव्हा घरचं मंडळही खूश. मामाने चांदीच्या चमच्याने खिरीचं बोट चाटवावं, चमचा आधी उकळून घ्यावा. खिरीची वाटी मात्र मोठ्यांसाठी.

खरं जेवण घरात निवांतपणी सुरू करा. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा ओसरू लागतो, म्हणून आठवडेच्या आठवडे थांबणं बरं नाही. मूगडाळ-तांदळाची खिमटी मऊ शिजवून घोटा, वर अर्धा चमचा तूप. चमचा वाकडा केला तरी घरंगळणार नाही इतकी घट्ट हवी. डाळीच्या वरच्या पाण्यात नुसतं पोट भरतं. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून दिवसातून दोन-तीन वेळांपर्यंत न्या. या वयात अंगावरच्या दुधाशिवाय दिवसाला साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. नाचणीचं सत्त्व, भोपळा, रताळं, पिकलेलं केळं, आणि घरात चालत असेल तर पूर्ण शिजलेलं अंडं. मीठ-साखर वर्षभर नको. डाग आहेत तोवर घास कोमटाहून गारच द्या आणि संत्रं, टोमॅटो, लिंबू बाजूला ठेवा, झोंबतं. तिने तोंड फिरवलं तर तोंड दुखत असेल, संध्याकाळी पुन्हा विचारा. घास आपल्या तोंडात घेऊन चाखू नका, तिचा चमचा तिचाच.

बेदाण्याचं पाणी नुसतं गोड, त्याने भूक मरते. भिजवून, साल काढून, कुस्करून खिमटीत मिसळलेला बेदाणा चालेल. अख्खा नको, घशात अडकतो. शेंगदाण्याचंही तसंच. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नका, पण अगदी बारीक कूट खिमटीत मिसळून आताच सुरू करा. ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा लवकर दिला तर त्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण खूप घटतं, असं लंडनमधल्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. मुलीला अंगभर इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्यांदा चिमूटभर द्या, सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष राहील. जेवण आणि पाजणं झालं की दोन चमचे पाणी, आणि मगच तोंडाला औषध.