खिशातलं छोटं पिस्तूल: ३२० डॉलरचं घ्यावं की ५५० चं?

प्रश्न एका ताईंचा आहे. ह्यूस्टनमधे फार्मासिस्ट आहेत, ग्रीन कार्ड आहे, सात वर्षांचा मुलगा. आठवड्यातून तीन दिवस क्लोजिंग शिफ्ट असते, रात्री दहानंतर एकटीने पार्किंगपर्यंत चालत जायचं, आणि गेल्या महिन्यात एक माणूस थेट गाडीपर्यंत मागे आला. तेव्हापासून नीट झोप नाही. खिशात मावेल असं छोटं पिस्तूल घ्यायचं ठरवलंय. रूगरचं एलसीपी मॅक्स त्यांना ३२० डॉलरला मिळतंय, सिगचं पी३६५ ५५० ला. हातात १५०० डॉलर आहेत, क्रेडिट कार्डवर ३८०० बाकी आहे, २४ टक्क्यांनी. स्वस्तातलं घेऊ, की चांगलं घेऊन हप्त्यावर टाकू, असं विचारतायत.

ताई, तुमची भीती खरी आहे आणि तिच्यावर पैसे घालणं म्हणजे उधळपट्टी नाही, हे आधी सांगते. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये आणि सगळं गणित तिच्यावरच अडलंय. तुमच्या कंपनीचं हँडबुक काय म्हणतं? टेक्सासमधे १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परमिट नसलं तरी हँडगन बाळगता येते हे बरोबर, पण कामाच्या जागी कर्मचाऱ्यांनी शस्त्र आणायचं नाही असा नियम मालक करू शकतो, आणि मोठ्या चेनमधे असा नियम खूप ठिकाणी असतो. राज्याचा कायदा तुम्हाला एवढंच देतो की कंपनीच्या पार्किंगमधे स्वतःच्या लॉक केलेल्या गाडीत ते ठेवता येतं. मग बघा काय होतं. नियम पाळला तर पिस्तूल गाडीत, तुम्ही दुकानाच्या दारात, आणि मधली जी साठ-सत्तर पावलं, ज्यांच्यासाठी हा सगळा खर्च चाललाय, ती रिकाम्या हातानेच चालायची. नियम मोडला आणि कोणाच्या लक्षात आलं तर नोकरीच जाऊ शकते. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी मालमत्ता म्हणजे तुमचा पगार आहे, त्याच्यापुढे ३२० की ५५० हा प्रश्न फार लहान आहे हो.

म्हणून पहिलं काम, एचआरला ईमेल करून लेखी विचारा. त्याच ईमेलमधे मागे आलेल्या माणसाचा प्रसंग तारखेसकट लिहा आणि क्लोजिंगला दोघांनी मिळून बाहेर पडायची सोय मागा. गाडी दाराजवळ, दिव्याखाली लावायची. याला एक डॉलर लागत नाही आणि उद्यापासून करता येतं.

आता समजा एचआर हो म्हणालं. तर मग पिस्तुलाची किंमत बघू नका, दोन वर्षांचा खर्च बघा. एलसीपी मॅक्स ३८० कॅलिबरचं (कॅलिबर म्हणजे गोळीचं माप) आहे, पी३६५ हे ९ एमएम. ९ एमएमची सरावाची गोळी साधारण २५ सेंटला पडते, ३८० ची ३८ च्या आसपास, कारण ९ एमएम प्रचंड प्रमाणात बनते आणि खपते. महिन्याला १०० गोळ्यांचा सराव धरा, त्याहून कमी केला तर घेण्यातच अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाला ९ एमएमचे ३०० होतात, ३८० चे ४५६. नेमबाजीचा सराव करतात त्या रेंजची फी महिन्याला २० धरली तर वर्षाचे २४० दोन्हीकडे सारखेच. त्यात होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान), घरातला लॉकचा डबा, गाडीतला केबलवाला छोटा डबा, कानाचं-डोळ्यांचं संरक्षण, एक नीट क्लास, राज्याच्या हँडगन लायसन्सची ४० डॉलर फी (सक्ती नाही, पण का काढायचं ते पुढे येतंय), सरावाच्या नाही, प्रत्यक्ष स्वसंरक्षणासाठीच्या महागड्या गोळ्यांचं एक पाकीट आणि पिस्तुलावरचा सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स घातला की पहिल्या वर्षाचा आकडा येतो स्वस्तातल्याचा साधारण १५२०, महागातल्याचा १६१५. फक्त ९५ चा फरक! आणि दुसऱ्या वर्षी गोळ्या न् रेंज मिळून स्वस्तातलं ६९६ खातं, दुसरं ५४०. म्हणजे दोन वर्षं संपता संपता स्वस्तातलंच महाग पडलेलं असतं.

हे झालं कागदावर. हातात घेतल्यावर गोष्ट अजून वेगळी असते. एलसीपी मॅक्स साडेदहा औंसचं आहे, पी३६५ जवळजवळ अठरा औंसचं. हलकं पिस्तूल खिशात जाणवत नाही पण तेच हातात जास्त उडतं, आणि नवशिक्याला हे कोणी सांगत नाही. मी स्वतः रेंजवर असंच एक छोटं ३८० भाड्याने घेतलं होतं, पन्नास गोळ्यांचा बॉक्स संपेपर्यंत अंगठ्याची बेचकी लालभडक झाली होती आणि दुसरा बॉक्स उघडायची इच्छाच राहिली नाही. ज्याचा सराव नकोसा वाटतो ते पिस्तूल ड्रॉवरमधे पडून राहतं, आणि तो मात्र खरा वाया गेलेला पैसा. तेव्हा विकत घेण्याआधी दोन्ही भाड्याने चालवून बघा, जमल्यास ग्लॉक ४२ पण बघा, ते ३८० असूनही हाताला मऊ आहे. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, स्वतःच्या हाताने सलग दहा वेळा मागे ओढता येते का ते पाहा.

खिशाचं पण बघायला हवं. बायकांच्या पँटचे खिसे किती खोल असतात ते तुम्हाला मी काय सांगू, पी३६५ त्यात बसणार नाही, त्याला कमरेचं होल्स्टर आणि जाड बेल्ट लागेल. खिशात ठेवायचं असेल तर ट्रिगर पूर्ण झाकणारं पॉकेट होल्स्टर हवंच, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ली नको, पेन नको. पर्समधे नकोच. मुलगा च्युइंगगम शोधायला पर्समधे हात घालतो की नाही? टेक्सासमधे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र ठेवणं हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्याचं सोडा, ते पोर तुमचं आहे.

लायसन्सची सक्ती नसली तरी काढाच. शाळेच्या १००० फुटांच्या आत भरलेलं शस्त्र नेण्यावर फेडरल कायद्याची बंदी आहे, त्यातून राज्याचं लायसन्स असलेल्यांना सूट मिळते. तुम्ही रोज मुलाला सोडायला तिथे जाता. शाळेच्या आत मात्र लायसन्स असलं तरी न्यायचं नाही.

आता तुमचे १५००. हप्त्यावर अजिबात घेऊ नका, कार्डवर आधीच महिन्याला ७६ डॉलर व्याज जातंय, म्हणजे सराव आणि रेंज मिळून जेवढा खर्च येईल त्याच्याहून जास्त. ७०० ला हात लावायचा नाही, ते अडीअडचणीचे. २०० क्लासला आणि रेंजवरच्या भाड्याला, हे आत्ताच, कारण यातूनच कळेल की तुम्हाला हे झेपतंय का. उरलेल्या ६०० चं एचआरच्या उत्तरावर ठरेल. नाही म्हणाले तर सरळ कार्डवर भरा. हो म्हणाले तर आधी डबा आणि होल्स्टर घ्या, पिस्तूल दोन पगारांनंतर. माझा कल ९ एमएमकडे आहे, पण रेंजवर तुमच्या हाताला दुसरं बरं वाटलं तर हाताचं ऐका, दोन वर्षांत साठ-सत्तर डॉलर इकडचे तिकडे झाले तर मी त्यासाठी भांडणार नाही.

एक राहिलं. घराचा इन्शुरन्स फौजदारी वकिलाचे पैसे देत नाही, आणि स्वसंरक्षणात गोळी झाडली तरी वकील लागतोच. त्यासाठी वेगळी लीगल मेंबरशिप, म्हणजे वर्गणी भरून वकिलाच्या खर्चाची सोय, मिळते, पण सही करण्याआधी वकील कोण निवडणार आणि पैसे आधी मिळतात की केस जिंकल्यावर, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

आणि उन्हाळ्यात आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार असं लिहिलंय तुम्ही. त्या व्हिसावरच्या माणसाला, काही ठरावीक अपवाद सोडले तर, शस्त्र बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. त्यामुळे डब्याचा कोड त्यांना सांगायचा नाही, बाबांनी कौतुकाने "दाखव बघू" म्हटलं तरी हातात द्यायचं नाही, आणि हे ते विमानात बसायच्या आधीच फोनवर बोलून घ्या.