जर, नागीण, मेंदूज्वर आणि एक 'होऊ शकतो'

प्रश्न थोडक्यात असा: 'आईच्या ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड आले. घरात सगळे "जर उठलाय" म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर "हर्पिस लॅबियालिस" लिहिलं. मराठीत शोधलं तर एकीकडे "हर्पिस म्हणजे नागीण", दुसरीकडे "हर्पिसमुळे मेंदूज्वर होऊ शकतो". ही तिन्ही एकाच दुखण्याची नावं आहेत का? त्या "होऊ शकतो"ने आईची झोप उडाली आहे.'

एकाच दुखण्याची नाहीत. घरातल्यांनी वापरलेला शब्द या तिघांत सगळ्यात नेमका आहे.

'जर' म्हणजे 'ज्वर'च, बोलण्यात झिजलेला. ताप येऊन गेला की ओठावर उमटतो, म्हणून हे नाव. 'लॅबियालिस' म्हणजे ओठाचा. हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा, बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या प्रकाराचा उद्योग. लहानपणी कधीतरी तो शरीरात शिरतो, चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेच्या गाठीत दडी मारतो आणि ताप, कडक ऊन, दगदग असं काही निमित्त मिळालं की त्याच नसेने ओठापर्यंत येतो. आठ-दहा दिवसांत खपली पडून जातो.

नागीण वेगळी. तिचा विषाणू कांजिण्यांचा. कांजिण्या बऱ्या होऊन गेल्यावर तो नसांच्या मुळाशी राहतो आणि पुढे कधीतरी एका नसेच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला, फोडांची माळ घेऊन उठतो. तिचं वैद्यकातलं नाव हर्पिस झोस्टर. 'झोस्टर' म्हणजे ग्रीकमध्ये कमरपट्टा. दोन्ही नावांत 'हर्पिस' आहे आणि घोळ तिथेच झाला आहे. विषाणू एका कुळातले आहेत, पण आडनाव एक म्हणून माणूस एक होत नाही.

'हर्पिस' हा शब्द मात्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. ग्रीक 'हेर्पेइन' म्हणजे सरपटणे. आपला 'सृप्' धातू त्याचाच सख्खा. आरंभीच्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो, जसा 'सप्त'चा 'हेप्टा'. त्याच 'सृप्'पासून आपले सर्प, सरपटणे आणि आयुर्वेदातला 'विसर्प' हा पसरत जाणारा त्वचारोग. म्हणजे ग्रीकांना सरपटणं दिसलं, आपल्याला थेट नागीण दिसली. नागिणीच्या प्रतिमेने एक भीतीही सोबत आणली: विळखा पुरा झाला की माणूस दगावतो. डाव्या-उजव्या बाजूंच्या नसा वेगळ्या असल्यामुळे माळ सहसा अंगाच्या मध्यरेषेवर थांबते, विळखा पुरा होतच नाही. खरा तोटा वेगळाच होतो. गेरू लावण्यात नि मंत्र टाकून घेण्यात दिवस जातात, आणि नागिणीवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली तर तेवढंही न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

आता 'मेंदूज्वर'. या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. वर्तमानपत्री मराठीत तो एन्सेफलायटिसलाही चालतो आणि मेनिन्जायटिसलाही. पहिल्यात खुद्द मेंदूला दाह होतो, दुसऱ्यात मेंदूभोवतीच्या आवरणाला. आवरणाचा दाह असेल तर डोकं ठणकतं, मान आखडते, उजेड सोसत नाही, पण निदान सुरुवातीला माणूस बहुधा शुद्धीत, धड बोलणारा असतो. मेंदूलाच दाह झाला तर वागणं-बोलणं बिघडतं. म्हणून 'मेंदूदाह' आणि 'आवरणदाह' असे दोन सुटसुटीत शब्द वापरावेत असं मला वाटतं. 'मस्तिष्कावरणशोथ' बरोबर आहे, पण तो तोंडात बसेपर्यंत रुग्ण बरा होऊन घरी येईल.

'मेंदूज्वर'ला साथीचाही वास आहे. जपानी मेंदूज्वर डासांमुळे पसरतो. चांदीपुरा विषाणूला तर नागपूर जिल्ह्यातल्या गावाचं नाव आहे. तो 1965 साली सापडला, तो वालुमाशीमुळे पसरतो आणि मुलांना गाठतो. त्यामुळे हा शब्द ऐकला की पावसाळा, गाव, लहान मुलं असं चित्र उभं राहतं. हर्पिसच्या मेंदूदाहाला ना साथ असते ना ऋतू.

शिवाय 'ज्वर' म्हटल्यावर 'ताप डोक्यात गेला' ही जुनी समजूत पक्की होते. मग कपाळावर पट्ट्या ठेवून ताप उतरण्याची वाट बघितली जाते. तापात बरळणारा माणूस ताप उतरला की बहुधा ताळ्यावर येतो. पॅरासिटामॉलने ताप उतरूनही बोलणं विसंगतच राहिलं, तर पट्ट्या बाजूला ठेवून लगेच मोठं रुग्णालय गाठायचं. ताप चढता असताना फिट आली किंवा माणूस ओळख विसरला, तर ताप उतरण्याचीही वाट बघायची नाही.

हर्पिस सिम्प्लेक्स मेंदूत गेला तर कानशिलाच्या आतला भाग धरतो. भाषा आणि आठवण यांचं बरंच काम तिथे चालतं. म्हणून पहिली खूण कधी कधी शब्दातच दिसते: चमच्याला 'फणी' म्हणणं, नातवाचं नाव न आठवणं, तोच प्रश्न दहादा विचारणं. नसलेला वास येणं, अचानक संतापणं, फिट येणं हेही. घरात याला 'वात झालाय' किंवा 'बाहेरचं काहीतरी' म्हणतात आणि दोन दिवस हातचे जातात. रुग्णालयात सांगतानाही 'चक्कर आली' म्हणू नये. मराठीत चक्कर म्हणजे गरगरणं, घेरी, बेशुद्धी, फिट, काहीही. 'सकाळी आठला शब्द चुकू लागले, साडेनऊला उजवा हात दोन मिनिटं झटके देत होता, आता ताप नाही' असं सांगितलं की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

तिथे एमआरआय होतो आणि पाठीतलं पाणी काढून त्यात विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर तपासणी होते. 'पाणी काढलं की पाय जातात' हा समज निराधार आहे, कारण मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई घालतात. पहिल्या तीन दिवसांत ही तपासणी क्वचित खोटी निगेटिव्ह येते, म्हणून दाट शंका असेल तर ती पुन्हा करतात. अहवालाची वाट न बघता असायक्लोव्हिर शिरेतून सुरू होतं: मोठ्या माणसाला दर किलोमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 600, दर आठ तासांनी, 14 ते 21 दिवस. मूत्रपिंडात औषधाचे स्फटिक साचू नयेत म्हणून ते तासभर सावकाश, भरपूर सलाइनसह देतात. औषधाविना सुमारे 70 टक्के रुग्ण दगावतात. वेळेवर औषध मिळालं की हा आकडा बराच खाली येतो, म्हणून एवढी घाई.

राहिला 'होऊ शकतो'. 'शकणे' या क्रियापदाला माप नसतं. पाऊस पडू शकतो आणि वीजही पडू शकते, वाक्य एकच. इथलं माप असं: जगात 50 वर्षांखालच्या सुमारे दोन तृतीयांश लोकांत पहिल्या प्रकारचा हर्पिस सिम्प्लेक्स असतो, आणि या विषाणूंचा मेंदूदाह वर्षाला दहा लाखांत साधारण 2 ते 4 जणांना होतो. ओठावर जर आहे की नाही, यावरून त्याचं भाकीतही करता येत नाही. बऱ्याच रुग्णांच्या ओठावर काहीच नसतं. (जाता जाता: अशा दुखण्याला 'दुर्मीळ' म्हणणं मला खटकतं. दुर्मीळ पुस्तक असतं, नाणं असतं, ज्याच्या मागे माणूस लागतो ते. रोग 'क्वचित' होतो किंवा 'विरळा' असतो.)

मराठीत काळजी 'करतात' आणि 'घेतात', आणि ती दोन वेगळी कामं आहेत. आईने मेंदूदाहाची काळजी करण्यासारखं काही नाही. खपली पडेपर्यंत घ्यायची आहे ती अशी: फोडाला हात लागला की साबणाने धुवायचा, तोच हात डोळ्याला लावायचा नाही, पाण्याचा पेला नि टॉवेल वेगळा. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचा पापा अजिबात घ्यायचा नाही, कारण पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला हा विषाणू खरोखर मेंदूपर्यंत जाऊन बाधतो. केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना तसं सांगायचं.

ते वाक्य मी असं लिहिलं असतं: 'ओठावर जर आणणारा विषाणू वर्षाला लाखो लोकांमागे एखाद्याच्या मेंदूपर्यंत पोचतो; तापासोबत बोलणं-वागणं बदललं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.' आईला हेच वाचून दाखवा, आणि डॉक्टरांच्या कागदावर 'हर्पिस लॅबियालिस'शेजारी पेन्सिलीने 'ओठावरचा जर' लिहून ठेवा.