स्पॅनिशकडे मराठीच्या वाटेने : वाचकांचे प्रश्न

नोकरी-धंदा सांभाळून स्पॅनिश शिकणाऱ्या नाशिक परिसरातल्या वाचकांचे काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. तुमच्या वहीत मात्र ते रोमन लिपीतच असू द्या. कारण पुढे एका उत्तरात येईल.

वय ५४, बँकेतून निवृत्त. रोज सलग दोन तास पुस्तक घेऊन बसतो, पण दुसऱ्या दिवशी निम्मे शब्द उडालेले असतात. या वयात जमेल का? – एक वाचक, गंगापूर रोड

जमेल. नियम समजून घेण्यात मोठी माणसं सुरुवातीला मुलांपेक्षा पुढेच असतात. मुलं सरस ठरतात ती उच्चारात, आणि तीही वर्षानुवर्षांच्या सहवासाने. तुमचे शब्द उडतात त्यात वयापेक्षा बैठकीचा दोष मोठा आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की नव्याने पाठ केलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या दिवसातच जातो, पुढे घसरण मंदावते. म्हणून उजळणी त्या उतारावर गाठायला हवी: त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. दोन तासांची बैठक मोडा. सकाळी २५ मिनिटं, संध्याकाळी २५ मिनिटं, उरलेला वेळ ऐकण्याला.

शब्दांसाठी पुठ्ठ्याचे पत्ते करा किंवा अँकी हे अ‍ॅप वापरा. रोज आठ-दहा नवे पत्ते पुरेत. उत्साहात तीस टाकले की दोन-तीन आठवड्यांत रोजची उजळणीच दोनशेच्या पुढे जाते, आणि बहुतेकांचं शिकणं तिथे थांबतं. पत्त्याच्या पुढच्या बाजूला छोटं मराठी वाक्य, मागे स्पॅनिश वाक्य. उलटवण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं. नुसतं पाहून 'हे येतं मला' वाटणं फसवं असतं; ओळखता येणारा शब्द बोलताना आठवतोच असं नाही.

नाम कधीही एकटं लिहू नका, त्याच्या आधी येणाऱ्या 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) या शब्दासकट लिहा. मराठी माणसाला लिंगाची कल्पना नवी नाही, चांगला-चांगली-चांगलं आपल्या जिभेवरच आहे. पण आपली लिंगं तीन आणि स्पॅनिशची दोन, त्यामुळे आपली सारी नपुंसकलिंगी नामं त्या दोघांत वाटली जातात. घर म्हणजे 'ला कासा', स्त्रीलिंगी. पुस्तक 'एल लीब्रो', पुल्लिंगी. दूध 'ला लेचे', पुन्हा स्त्रीलिंगी. शेवटी 'ओ' असेल तर पुल्लिंगी, 'आ' असेल तर स्त्रीलिंगी हा आडाखा बहुतेकदा चालतो. जिथे चालत नाही ते शब्द पहिल्याच महिन्यात वेगळे काढा: एल दीआ (दिवस), एल मापा (नकाशा), एल प्रोब्लेमा (अडचण), ला मानो (हात).

द्राक्षनिर्यातीच्या निमित्ताने स्पॅनिश बोलणाऱ्या व्यापाऱ्यांशी संबंध येतो. सहा महिने अ‍ॅपवर इंग्रजीतून शिकतोय. वाचलेलं कळतं, पण बोलायला गेलो की वाक्य आधी इंग्रजीत जुळवतो आणि अडकतो. – एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

इंग्रजीचा हा वळसा तुम्हाला घ्यायची गरजच नाही. इंग्रजीला ज्या जागा अवघड जातात, त्यांतल्या पुष्कळ मराठीला सरळ जातात.

'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' हे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस'. 'मे' म्हणजे मला, आणि क्रियापद आंब्यांच्या संख्येप्रमाणे बदलतं. मराठीतही हेच होतं. इंग्रजीतून गेलात की तोंडून 'यो गुस्तो' निघतं आणि ऐकणारा गोंधळतो.

भूतकाळाचंही तसंच. 'लहानपणी गोदाघाटावर जायचो' यातल्या 'जायचो'ला 'ईबा', आणि 'काल गोदाघाटावर गेलो' यातल्या 'गेलो'ला 'फुई'. मराठीत -यचो किंवा -त होतो येत असेल तर स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ, नुसतं गेलो-केलं-आलो असेल तर साधा भूतकाळ. इतरांची पानंच्या पानं खर्च होतात तो 'माहीत असणं' या क्रियापदाचा भेदही आपल्याकडे तयार आहे: मला माहीत होतं, 'साबीआ', मला कळलं, 'सूपे'.

कर्मापुढे 'आ' कधी लावायचा, हा आणखी एक प्रश्न. 'मी घर बघतो' पण 'मी मारियाला बघतो' असं आपण म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'बेओ ला कासा' पण 'बेओ आ मारीआ'. नेमक्या माणसाला आपण -ला लावतो, तिथे ते 'आ' लावतात. कुणीही चालेल अशा अर्थाने 'दुभाषा शोधतोय' म्हणताना आपण -ला गाळतो, तेही 'आ' गाळतात. पुढे 'त्याने यावं अशी माझी इच्छा आहे' यातलं 'यावं' तुम्हाला 'किएरो के बेंगा' यातल्या 'बेंगा'पर्यंत नेईल. हा इच्छार्थ इंग्रजीतून शिकणाऱ्यांना परका वाटतो. आपण तो रोज वापरतो.

करायचं काय? रोज पाच मराठी वाक्यं घ्या, तुमच्या कामातली. काढणी, पेटी, घड, कंटेनर, दर. थेट स्पॅनिशमध्ये म्हणा आणि ध्वनिमुद्रण करा. वाक्य चार-पाच शब्दांचं ठेवा. दुसऱ्या दिवशी आधी कालची पाच, मग नवी पाच.

मराठी जिथे दगा देते त्या जागाही ओळखून ठेवा. भूक, तहान, थंडी, भीती आणि वय यांना स्पॅनिशमध्ये 'जवळ असणं' हे क्रियापद लागतं: 'तेंगो आम्ब्रे', मला भूक लागली आहे. 'उस्तेद' म्हणजे आदरार्थी तुम्ही, पण क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी. मराठीच्या सवयीने एका माणसाला अनेकवचन लावू नका. व्यापारी पत्रात सुरुवात 'उस्तेद'नेच करा, समोरचा 'तू'वर आला की मग तुम्हीही या.

सगळ्यात मोठी अडचण 'आहे'ची. स्पॅनिशमध्ये त्यासाठी 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत. मराठी वाक्यात 'सध्या' घालून बघा. खपला तर बहुधा 'एस्तार', नाही तर 'सेर'. वस्तू किंवा गाव कुठे आहे हे सांगायचं असेल तर मात्र कायम 'एस्तार', मग ते हजार वर्षं तिथेच का असेना. तुमच्याच मालावर हा फरक पक्का होईल: 'लास ऊबास सोन बेर्देस' म्हणजे द्राक्षं हिरव्या रंगाची आहेत, आणि 'लास ऊबास एस्तान बेर्देस' म्हणजे ती अजून कच्ची आहेत. खरेदीदाराला चुकून दुसरं वाक्य लिहिलंत तर नुकसान होऊ शकतं.

'र्र' कसा काढायचा? आणि उच्चार देवनागरीत लिहून ठेवले तर चालेल का? – एक वाचक, नाशिकरोड

'भुर्रकन' म्हणा. तोच र्र. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. शब्दाच्या सुरुवातीचा र सुद्धा असाच थरथरता असतो. त आणि द आपले दाताचे, ट-ड नाहीत. इंग्रजी शिकल्यामुळे 'तोरो'चा 'टोरो' होतो, तो मोडायला हवा. च चिमणीतला, चमच्यातला नाही. ब आणि व असा भेद स्पॅनिशमध्ये नाही, दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच, आणि स्वरांच्या मध्ये तो ओठ पुरते न मिटता होतो.

देवनागरी पहिला आठवडाभर चालेल, पुढे नको. मराठीत शब्दातल्या आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपली लिपी तो दाखवत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. 'आब्लो'त पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. नियम छोटा आहे: शब्द स्वराने, न किंवा स ने संपत असेल तर उपान्त्य अक्षरावर जोर, नाही तर शेवटच्या अक्षरावर. हा नियम मोडला जात असेल तेव्हा रोमन लेखनात त्या स्वरावर तिरकी रेघ असते. वहीत ती रेघ गाळणं ही शुद्धलेखनाची चूक समजा.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन-येऊन आहे. गाडीत स्पॅनिश कार्यक्रम ऐकतो, पण बोलणारे इतके भरभर बोलतात की एक शब्द सुटा लागत नाही. – एक पासधारक वाचक, इंदिरानगर

तासभर कार्यक्रम कानावरून जाऊ देण्याऐवजी दोन मिनिटांचा तुकडा घ्या, ज्याची लिखित प्रत मिळते असा. प्रत न बघता दोनदा ऐका. तिसऱ्यांदा प्रत समोर ठेवून, न कळलेल्या जागांवर खूण करत ऐका. मग त्यातली ३० सेकंदं थांबत-थांबत कागदावर उतरवा आणि प्रतीशी ताडून बघा. या शेवटच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि कान त्यानेच तयार होतो. तोच तुकडा तीन दिवस ऐका, मग पुढचा घ्या. दहा ओळींत पंधरा शब्द अनोळखी निघाले तर तो तुकडा आत्ता तुमच्यासाठी नाही, सोपा शोधा.

शब्द सुटे लागत नाहीत कारण ते सुटे उच्चारलेच जात नाहीत. 'लोस आमीगोस' कानाला 'लोसामीगोस' येतं, 'बा आ आब्लार' (तो बोलणार आहे) जवळजवळ 'बाब्लार' होतं. प्रतीत अशा जोडांवर कमान काढत जा. गती मुद्दाम कमी करून ऐकण्याची सवय मात्र लावू नका, त्यात हे जोडच विस्कटतात.

एकाच देशाचा लहेजा धरा. स्पेनच्या बहुतांश भागात झेड, आणि इ-ए च्या आधीचा सी, जीभ दातांत धरून उच्चारतात. लॅटिन अमेरिकेत साधा स. अर्जेंटिनात 'तू'ला 'बोस' म्हणतात. सुरुवातीला तिन्ही ऐकलीत तर कानाला घडी बसत नाही. आणि गाडीत मोठ्याने बोलता येत नाही, तेव्हा तिथे फक्त ऐका. मागोमाग म्हणायचा सराव घरी करा, निदान दहा मिनिटं.

कंपनीत बढतीसाठी प्रमाणपत्र हवं आहे. कोणती परीक्षा, आणि किती दिवस लागतील? – एक अभियंता, अंबड

स्पेन सरकारच्या वतीने इन्स्तितूतो सेर्वांतेस ही संस्था 'देले' परीक्षा घेते. तिचं एक केंद्र दिल्लीत आहे. तारखा आणि परीक्षा केंद्रं संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा. ए१ (सगळ्यात सोपी) ते सी२ (सगळ्यात अवघड) अशा सहा पातळ्या आहेत आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. बी२ पर्यंत वाचन-लेखन हा एक गट, ऐकणं-बोलणं हा दुसरा. प्रत्येकी ५० गुण, आणि दोन्हीकडे किमान ३० हवेत. एकीकडे ४५ आणि दुसरीकडे २८ आले तर निकाल अनुत्तीर्ण. आपल्याकडचे उमेदवार वाचनात भरभरून गुण मिळवून ऐकण्यात अडकतात, म्हणून तयारीचा निम्मा वेळ दुसऱ्या गटाला द्या. 'सिएले' ही परीक्षा संगणकावर होते, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसून १००० पैकी गुण मिळतात आणि प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं. कंपनीला कोणतं मान्य आहे ते आधी लेखी विचारून घ्या.

वेळेचं म्हणाल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांना व्यावसायिक कामकाजापुरती स्पॅनिश यायला ६०० ते ७५० वर्गतास धरते. रोज पाऊण तास म्हणजे वर्षाला साधारण २७० तास. नियमित राहिलात तर वर्षाअखेरीस ए२ ची तयारी होईल असं धरून चाला, बी२ चं आश्वासन वरिष्ठांना देऊ नका.

नाशिकमध्ये बोलायला कुणी नाही. ऑनलाइन जोडीदार मिळाला तर वेळ कशी जमवायची? – एक गृहिणी, पंचवटी

रविवारी सकाळी सातला मेक्सिको शहरात शनिवारचे संध्याकाळचे साडेसात असतात, कोलंबियात साडेआठ. ही वेळ दोन्हीकडे घरातल्या निवांतपणाची असते. स्पेनचा जोडीदार असेल तर आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे हिवाळ्यात संध्याकाळचे पाच, उन्हाळ्यात सहा. अर्धा तास ठरवा: १५ मिनिटं स्पॅनिश, १५ मिनिटं त्यांना हवी ती भाषा, आणि घड्याळ लावूनच. नाही तर ज्याची भाषा कच्ची तो गप्प बसतो. विषय आदल्या दिवशी कळवा आणि त्यावरची आठ-दहा वाक्यं तयार ठेवा. बोलताना प्रत्येक चूक दुरुस्त करू नका असं जोडीदाराला सांगा. पुन्हा पुन्हा होणाऱ्या तीनच चुका त्याने शेवटी लिहून पाठवाव्यात. त्या तिन्हींचे पत्ते त्याच दिवशी करा आणि पुढच्या रविवारी बोलणं त्याच वाक्यांनी सुरू करा.