कोकम आगळाच्या धंद्यासाठी बँकेला द्यायच्या बिझनेस प्लॅनमध्ये काय काय लिहायचं?

शिरोड्यात आईबरोबर आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि सोलां (वाळवलेली कोकमाची सालं) करून विकायचीत, बँकेने बिझनेस प्लॅन मागितलाय आणि नेटवरचे नमुने चाळीस-चाळीस पानांचे आहेत, असं तुम्ही म्हणताय. मी फोंड्यात लहान उद्योगांचे हिशेब सांभाळतो. तुमच्या धंद्याला आठ-दहा पानं पुरे.

तुमची ओळख, माल, जागेचे कागद आणि परवाने दोन पानांत उरका. खाण्याचा पदार्थ आहे, म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी आलीच. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन, फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका. 'व्हिजन' आणि 'मिशन' गाळलंत तरी मॅनेजर विचारणार नाही.

बाजारपेठेबद्दल 'गोव्यात लाखो पर्यटक येतात' हे वाक्य सगळेच लिहितात. त्याऐवजी कुठली दुकानं माल ठेवतील, काय दराने, किती दिवसांच्या उधारीवर, ते लिहा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरून बाकीच्यांच्या बाटल्यांचे भाव टिपून आणा.

खर्च काढताना भिरंडं (कोकमाची फळं) घरच्या बागेतली असली तरी बाजारभावानेच धरा, नाहीतर धंदा वाढून बाहेरून फळ घ्यावं लागलं की सगळं गणित कोसळेल. समजा, बाटली दुकानदाराला 120 रुपयांना दिलीत आणि फळ, मीठ, बाटली, लेबल मिळून 75 गेले. उरले 45. वीज, मजुरी, भाडं असा महिन्याचा ठरलेला खर्च 18,000 असेल, तर महिन्याला 400 बाटल्या खपेपर्यंत नफा नाही. हा आकडा प्लॅनमध्ये ठळक दिसू द्या.

पण सगळ्यात जास्त वेळ घालवा तो महिन्यावारी रोख आवक-जावकेच्या तक्त्यावर. फळ येतं एप्रिल-मेमध्ये. वर्षभराचं फळ, मीठ, बाटल्या, सगळे पैसे तेव्हाच जातात. पर्यटकांची गर्दी ऑक्टोबरनंतर, वर दुकानदाराची उधारी. वर्षाच्या हिशेबात नफा दिसतो आणि ऑगस्टचा हप्ता मात्र चुकतो! म्हणून यंत्रांसाठीचं मुदत कर्ज आणि हंगामात लागणारं खेळतं भांडवल वेगवेगळं मागा. एक दिलासा आहे, पुरुमेंताचा. पावसाआधी गोंयकार घरात साठा करतो, त्यात सोलां असतातच. आधी वाळलेली सोलां तिथे विकलीत तर मेमध्येच थोडी रोख हाती येते. तक्त्यात तेही दाखवा.

पीएमईजीपीमधून, म्हणजे नव्या लहान उद्योगाला कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून, अर्ज करणार असाल तर तो आईच्या नावाने करा. ग्रामीण भागात महिलेला अनुदान प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के आणि स्वतःचा वाटा फक्त 5 टक्के. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला तेच 25 आणि 10. मात्र अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं. त्यामुळे रोखीच्या तक्त्यात ते आवक म्हणून धरू नका.

यंत्रांची कोटेशनं शेवटी जोडा. आणि पहिला हप्ता नोव्हेंबरनंतर सुरू करा, अशी मागणी अर्जातच घाला. मॅनेजरने 'का?' विचारलं तर तक्त्यातला जून ते सप्टेंबरचा भाग त्याच्यापुढे ठेवा.